केळझरच्या कोंबड्या

रेवा, निखिल,

परवा रेवाने फोनवर सांगितले की तिने घरामागच्या अंगणात कोंबड्या आणल्या आहेत. त्यांना आजार होऊ नये म्हणून काय करायचे, असेही तिने विचारले. मी लगेच उत्तर दिले: खुराडे कोरडे ठेव, पाणी रोज बदल, लस वेळेवर टोचून घे, नवी कोंबडी जुन्यांत एकदम सोडू नकोस. फोन ठेवला, आणि आपण अर्धेच सांगितले असे वाटत राहिले. उरलेले अर्धे फोनवर सांगण्यासारखे नाही. रेवा, तुमच्याकडे अजून बर्फ आहे म्हणतेस. इथे शिमगा होऊन गेला आहे, ऊन चढते आहे आणि वारा कोरडा झाला आहे. कोंबड्यांत मर, म्हणजे साथ, येते ती याच दिवसांत. तेव्हा आता लिहून टाकते. दोघांनीही वाचा.

सिंदी मेघेच्या या घराला गच्ची आहे. सकाळी तिथे उभी राहिले की समोरच्या कडुनिंबाची पिवळी पाने गळताना दिसतात. खाली कुणाची पाण्याची मोटर सुरू होते, कुणाच्या कुकरची शिट्टी होते. कोंबडा आरवत नाही. इतकी वर्षे शहराच्या कडेला राहूनही मला त्या आवाजावाचूनची सकाळ सुरू झाल्यासारखी वाटत नाही. आणि फाल्गुन उलटल्यावरची शांतता तर मला मुळीच आवडत नाही. या दिवसांतली शांतता मी एकदा पूर्ण ऐकली आहे.

मी नागपूरची. इंग्रजी घेऊन बी. ए. झाले आणि लग्न होऊन अल्लीपूरजवळच्या एका खेड्यात आले. घर शेतकऱ्याचे, मातीच्या भिंतींचे, पुढे ओसरी, मागे कुंपण घातलेले अंगण. तुमचे आजोबा हिंगणघाटला कापसाच्या जिनिंगमध्ये नोकरीला जात आणि उरलेल्या वेळात शेती पाहत. घरात राज्य आत्याबाईंचे, म्हणजे माझ्या सासूबाईंचे. आणि अंगणात राज्य त्यांच्या कोंबड्यांचे.

त्या कोंबड्या साध्या नव्हत्या, केळझरच्या होत्या. आत्याबाईंचे माहेर केळझरकडचे. लग्नात त्यांच्या आईने बैलगाडीत पेटीशेजारी एक टोपली ठेवली होती, आणि तिच्यात एक तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोंबडी होती. अंगाने काबरी, म्हणजे ठिपक्याठिपक्यांची, डोक्यावर तुरा, पाय आखूड. तिची पिल्ले, त्या पिल्लांची पिल्ले, असे ते कुळ आमच्या अंगणात नांदत आले. आत्याबाईंचे आईवडील केव्हाच गेले होते, एकुलता भाऊ मूलबाळ न होता गेला, घर पडले आणि त्या जागेवर दुसऱ्याचे घर उभे राहिले. दिवाळीत गल्लीतल्या साऱ्या जणींना न्यायला भाऊ यायचे, भाचे यायचे. त्या दिवशी आत्याबाई कोंबड्यांना एक मूठ ज्वारी जास्त टाकत. बाहेरची कोंबडी त्यांनी कधी विकत घेतली नाही. तुरा आणि आखूड पाय पुढच्या पिलात उतरले की नाही, हे मात्र त्या पिलू अंड्यातून निघाल्यापासून पाहत. एकदा मला म्हणाल्या, "माणसं नाई राह्यले वो माहेरचे. हे राह्यले."

मी आले तेव्हा मला कोंबडीतले काही कळत नव्हते, पण घाण कळत होती. नागपूरला आमच्या घरी जागच्या जागी वस्तू लागे. मी खुराडे पाहिले आणि पदर खोचला. सरकारी दवाखान्यातून, म्हणजे गावच्या भाषेत ढोरायच्या दवाखान्यातून, एक इंग्रजी माहितीपत्रक मिळवले आणि वाचून आत्याबाईंना मराठीत सांगू लागले. त्यातले बरेचसे त्या आधीपासून करतच होत्या, त्यांना त्याचे कारण कुणी सांगितले नव्हते इतकेच. काही मात्र नवे होते. भिंतीच्या भेगांत दिवसा गोचिड्या लपतात आणि रात्री कोंबडीचे रक्त पितात, म्हणून आम्ही भेगा लिंपून त्यावर चुना मारू लागलो. मातीच्या परळातले पाणी रोज सकाळी ओतून परळ घासायचे. विष्ठेत पांढऱ्या दोऱ्यासारखे जंत दिसले की दवाखान्यातली पूड पाण्यातून द्यायची. आत्याबाई शेजारणींना सांगत, "माह्या सुनेनं कोंबड्यायले फक्त पाटावर बसवाचं बाकी ठेवलं." पण सांगताना त्या खूश असत.

त्या अंगणाचा वास मला अजून येतो. चुलीतली राख आणि कडुनिंबाचा वाळलेला पाला एका खड्ड्यात टाकलेला असे. दुपारी कोंबड्या त्यात लोळत, पंख फुलवून राख अंगभर उधळत, आणि त्यांच्या उवा त्या राखेतच गळून जात. ज्यांच्या पायांवर खवले उठत त्यांना करंजाचे तेल. तो कडवट वास हाताला संध्याकाळपर्यंत राही, भाकरी थापतानाही येई. आत्याबाई कोंबडी मांडीवर उलटी घेत, पंखाखाली फुंकर घालून पिसे बाजूला करत आणि आत काही सरपटते का ते पाहत. कोंबडी डोळे मिटून पडून राही. आपल्या लेकीचे केस विंचरावेत तसे ते चाले. मला हे सारे पाहताना बरे वाटे. काळजी घेतली की संकट टळते, असा माझा तेव्हा पक्का समज होता. अजूनही तो पुरता गेलेला नाही. मात्र आता मला त्याच्या शेजारी दुसरेही काही दिसते.

आणीबाणी उठून वर्ष झाले असेल. त्या उन्हाळ्यात गावात मर आली. शास्त्रात तिला राणीखेत म्हणतात, गावात मानमोडी, आणि गावचे नाव जास्त बरोबर आहे. कोंबडी आधी कोपऱ्यात पिसे फुलवून बसते. हिरवट पांढरे हगते. चोच उघडी ठेवून श्वास ओढते. मग तिची मान वळू लागते, आकाशाकडे, पाठीकडे, कुणीतरी पिळल्यासारखी, आणि ती एका जागी गोल फिरत राहते. हे पाहणे वाईट. एका घरी बाजारातून स्वस्तात कोंबडा आणला होता. आपल्याकडची पाखरे आजाराने झुकू लागली की लोक ती घाईने बाजारात विकून टाकतात, आणि घेणाऱ्याच्या घरी रोग पोचतो. तो कोंबडा आला, आणि वरच्या गल्लीपासून आवाज बंद होत आले. रोज सकाळी आरवणाऱ्यांतला एखादा कोंबडा कमी झालेला असायचा. मेलेली पाखरे लोक उकिरड्यावर टाकत, आणि कुत्री ती गल्लोगल्ली ओढत नेत.

आम्ही फाटक लावून घेतले. कोंबड्या खुराड्यात कोंडल्या. मी दवाखान्यात जाऊन आले. लस शिल्लक होती, पण ती बर्फातच आणावी लागे आणि बर्फ हिंगणघाटहून यायचा. तिथल्या साहेबांनी येत्या बाजाराच्या दिवशी थर्मासमध्ये बर्फ घालून येतो असे सांगितले. तोवर बाहेरचे पाऊल अंगणात येऊ देऊ नका, म्हणाले, कारण हा रोग पायाने येतो, हाताने येतो, केराने येतो. मी हे आत्याबाईंना सांगितले. त्यांनी मान हलवली आणि फाटकाला आतून सुतळी बांधली. आमच्या अंगणात एकही पाखरू झुकलेले नव्हते. एक काबरी तर आतल्या खोलीत टोपलीत अंड्यांवर खुडूक बसली होती.

आणि मग गावाने मायची बोळवण करायचे ठरवले.

तुम्हाला हे माहीत असायचे कारण नाही. गावाच्या कडेला मातामायचा ओटा असे. ढोरात, माणसात, पाखरात मर आली की माय पाहुणी आली असे धरत, आणि पाहुणीला मानाने सासरी धाडावे तसे शिवेपार धाडत. एक निरोगी कोंबडी घ्यायची, तिला हळदकुंकू लावायचे, लेकीसारखी ओटी भरायची. मग सुपात घरोघरच्या खुराड्यातला केर आणि पिसे गोळा करायची, म्हणजे प्रत्येक घरची इडापिडा त्या सुपात येते. शेवटी सूप आणि कोंबडी शिवेपलीकडे सोडून मागे न पाहता परत यायचे. हे काम गावचा भुमक करी. भुमक म्हणजे गोंडांचा पुजारी. आमच्या गावचा भुमक सोनबा, शांत म्हातारा. त्याची स्वतःची सारी पाखरे त्या आठवड्यात गेली होती.

दुपारी हलगी वाजत आली. गावभर फिरून लोक आमच्या फाटकाशी थांबले. अनवाणी पायांवर धूळ, सुपात पिसांचा ढीग. सोनबा आत्याबाईंना म्हणाला, "वहिनी, रोगाले फक्त तुमचंच घर सापडलं नाई. मायसंगं जाणारी कोंबडी डाग नसलेली पाह्यजे. ते गावात तुमच्याचकडं हाय."

म्हणजे आमची स्वच्छताच आमच्या दारात उभी होती.

मी पुढे होऊन म्हटले की कोंबडी मी बाहेर आणून देते, आमच्या खुराड्यातला केरही आणून देते, फक्त कुणी आत येऊ नका, रोग पायाने येतो. सोनबा थांबला. त्याने ऐकले असते, असे मला अजून वाटते. पण मागून कौसाबाई बोलली. ती आमची शेजारीण, जिभेने तिखट. "काऊन वो सूनबाई, मायले दारातून वापस धाडतं काय? तुमच्या नागपुरात देवाले बाहेर उभं ठेवते काय?" लोक हसले. इतक्या दिवसांत गावात कुणी हसले नव्हते, म्हणून ते हसू जरा जास्तच झाले.

आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिले नाही. त्या सुतळीची गाठ सोडत होत्या. म्हणाल्या, "लेक वेशीवरून नाई बोळवत. घरातून बोळवते."

त्यांनी निवडली ती सर्वांत देखणी तलंग होती, भरघोस तुऱ्याची. तिला अंगणाच्या मध्यावर पाटावर धरले, कुंकू लावले, हिरव्या खणाच्या तुकड्यात तांदूळ बांधून तिच्या पायाशी बांधले. सूप शेजारीच जमिनीवर टेकवले होते. वाऱ्याने त्यातली पिसे अंगणभर फिरली, राखेच्या खड्ड्यात गेली, पाण्याच्या परळावर तरंगली. कुणीतरी खुराड्यात हात घालून मूठभर केर काढला, त्याच हाताने ज्याने साऱ्या गावचा केर काढला होता. बायका म्हणत होत्या, सुखात जाय माय, मागं पाहू नको. आत्याबाईंचे ओठ हलत होते, पण त्या काय म्हणत होत्या ते मला ऐकू आले नाही. केळझरच्या दारातून बैलगाडी निघाली तेव्हा कुणी काय म्हटले होते, हे त्यांनी मला कधी सांगितले नव्हते.

शिवेपलीकडे कोरडा नाला आणि कपाशीच्या पऱ्हाट्या उपटलेली वावरे होती. दुसऱ्या दिवशी गुराख्यांना नाल्यात हिरवा खण आणि थोडी पिसे दिसली. कोल्ह्याने नेली असेल. रोग पलीकडच्या गावात गेल्याचे आमच्या कानी आले नाही. तो आमच्या अंगणातच राहिला होता.

बाजाराच्या दिवशी साहेब थर्मास घेऊन आले. तेव्हा अंगणात तीन कोंबड्या गोल फिरत होत्या आणि बाकीच्या पिसे फुलवून बसल्या होत्या. त्यांनी थर्मासचे झाकण उघडले, पाहिले आणि पुन्हा लावले. लागण झालेल्या पाखराला लस टोचून उपयोग नसतो. ते ओसरीवर पाणी पिऊन गेले. जाताना हळू आवाजात म्हणाले की लस टोचता येईल असे घर गावात हे एकच उरले होते.

त्यानंतरचे दिवस मी तुम्हाला सविस्तर सांगणार नाही. तुमच्या आजोबांनी परसात खोल खड्डा खणला. रोज संध्याकाळी ते थोडा चुना टाकत आणि थोडी माती लोटत. आत्याबाई खुराड्यापाशी बसून राहत. शेवटी आतल्या खोलीतली काबरीही गेली. ती अंड्यांवर बसल्या बसल्या गेली, मान एका बाजूला वळलेली. अंडी तिच्या पोटाखाली अजून कोमट होती. आत्याबाईंनी एक अंडे उन्हाच्या तिरिपेत धरून मला दाखवले. आत लाल शिरांचे जाळे होते आणि मध्ये काहीतरी हलत होते. ते कुळ अजून जिवंत होते. पण अंड्यांवर बसायला साऱ्या गावात एक कोंबडी उरली नव्हती.

अंडी त्यांनी धान्याच्या कोंड्यात ठेवून, फडक्यात गुंडाळून, चुलीच्या उबेला ठेवली. ते किती वेळ टिकणार हे आम्हा दोघींनाही माहीत होते.

दुसऱ्या दिवशी गयाबाई आली. ती आत्याबाईंची बालमैत्रीण, तीही केळझरकडचीच. तिला अल्लीपूरच्या पलीकडे दिले होते. माहेरचे म्हणावे असे ते एकच माणूस उरले होते. दुधवाल्याकडून तिला सारे कळले होते आणि ती उन्हात चालत आली होती. तिच्या गावात मर पोचली नव्हती. तिची एक कोंबडी नुकतीच खुडूक बसली होती. ती अंडी न्यायला आली होती.

ती फाटकाला हात लावणार तोच आत्याबाई अंगणातून म्हणाल्या, "तिथीच थांब, गये."

गयाबाई थांबली. तिला वाटले थट्टा आहे. ती हसून म्हणाली, "काऊन वो, घरात नवरी लपवली काय?" मग तिने आत्याबाईंचा चेहरा पाहिला. "माहेरचं माणूस हो मी. मले रस्त्यावर उभी करतं?"

"तू माहेरची हायेस, म्हणूनच थांब."

गयाबाईने रस्त्यावरूनच आपण का आलो ते सांगितले. आत्याबाई ऐकत होत्या. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारले की अंडी तुझ्या त्या दवाखान्यातून आणलेल्या लाल औषधाच्या पाण्यात धुतली तर रोग जातो काय. मी म्हटले, टरफलावरचा बराचसा जाईल. त्या म्हणाल्या, "बराचसा नको सांगू. तिच्या घरी जाणार नाई, असं सांगतं काय?"

मला तसे सांगता येत नव्हते. कोंबडी रोगानेच मेली होती, अंडी तिच्याखालची होती. त्या दिवशी मला खोटे बोलावेसे वाटले. मी मान हलवून नाही म्हटले.

आत्याबाईंनी एकदा चुलीकडच्या फडक्याकडे पाहिले. मग उठून फाटकापर्यंत गेल्या, पण फाटक उघडले नाही. म्हणाल्या, "माह्यं माहेर जगवाले मी तुह्या घरी मरण धाडू काय, गये? तू घरी जाय."

गयाबाई रडली. आत्याबाई रडल्या नाहीत. त्यांनी मला चुन्याचे पाणी करायला लावले. फाटकाबाहेर एक सपाट दगड होता. त्यावर त्यांनी गयाबाईला उभे केले आणि कुंपणावरून हात लांब करून तिच्या पायांवर तांब्याने पाणी ओतले. माहेरून आलेल्या माणसाचे पाय आपण आत घेण्यासाठी धुतो. त्यांनी ते परत पाठवण्यासाठी धुतले. जाताना आमच्या गावची धूळ तिच्या पायाला राहू नये म्हणून. त्यांनी तिला दोनदा सांगितले की घरी गेल्यावर लुगडे बदलल्याशिवाय कोंबड्यांत जाऊ नको. गयाबाई चहा न घेता गेली. ती वळणावर दिसेनाशी होईपर्यंत आत्याबाई कुंपणाशी उभ्या होत्या. संध्याकाळी अंडी खड्ड्यात गेली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मला जाग आली आणि काही ऐकू आले नाही. वरच्या गल्लीतून नाही, नाल्याकडून नाही. आत्याबाई अंधारातच उठून बसलेल्या दिसल्या. रोज त्या वेळी त्यांना कोंबडा उठवायचा. त्या दिवशी त्यांना कुणी उठवले नव्हते, तरी त्या उठल्या होत्या. तीच ती शांतता, जिच्याबद्दल मी सुरुवातीला लिहिले.

पुढे गोष्टी सुधारल्या. लस वेळेवर येऊ लागली. शिमग्याआधी गावच्या कोंबड्यांना टोचून घ्यायची रीत पडली, आणि तुमची आई परकर खोचून एकेक कोंबडी धरून उभी राही. सोनबाने बोळवणीची चालही बदलली. केर ज्याचा त्याने आपल्या दारात जाळायचा आणि माय रस्त्यानेच जायची, कुणाच्या अंगणात शिरायची नाही. तो आत्याबाईंकडे येऊन एकदा बराच वेळ ओसरीवर बसला होता. त्याने उठताना फक्त विचारले की दगड जरा हलतो आहे, खाली मुरूम टाकून देऊ काय. आणि टाकून दिला.

वर्षभराने गयाबाईने टोपलीत घालून आपल्याकडची एक कोंबडी पाठवली, लाल रंगाची, बिनतुऱ्याची. आत्याबाईंनी ती नीट सांभाळली, तिची पिल्ले वाढवली. पण केळझरच्या असे त्यांना कधी म्हटले नाही. दिवाळीत जास्तीची मूठही टाकली नाही. आणि अंगणात जो कोणी येईल, पाहुणा असो, पाटील असो की जावई, त्याने आधी दगडावर पाय धुवायचे, हा नियम त्यांनी शेवटपर्यंत पाळला. लोक हसत. आत्याबाई त्यांच्यासाठी तांब्या भरून ठेवत. सन ऐंशीनंतर काही वर्षांनी, उन्हाळ्यातच, त्या गेल्या. बाहेरगावची माणसे आली ती सवयीने दगडावर थांबली. तांब्या भरायला कुणी नव्हते, म्हणून मी भरला.

मला पुष्कळदा वाटते की काळजी घेणाऱ्याला दोन वेळा किंमत द्यावी लागते. एकदा स्वतःचे वाचवताना, आणि दुसऱ्यांदा, ते वाचवता येत नाही असे दिसल्यावर, दुसऱ्याचे वाचवताना. पहिली किंमत पत्रकात लिहिलेली असते. दुसरी कुठे लिहिलेली मला आढळली नाही. रेवा, तुझ्या कोंबड्या कधी झुकल्याच, तर ज्यांना तुला मदत करायची इच्छा असेल अशांना आधी फाटकाबाहेर थांबव. त्यांना वाईट वाटेल. वाटू दे.

केळझरच्या कोंबड्या राहिल्या नाहीत. तुरा असलेली, आखूड पायांची काबरी मी त्यानंतर कुठेही पाहिली नाही. गयाबाईच्या गावात त्या वर्षी मर पोचली नाही. तिच्या कोंबड्यांची पिलावळ आज तिच्या नातसुनेच्या अंगणात आहे, मागच्या महिन्यात मी पाहून आले. आमच्या गावच्या घराच्या फाटकाबाहेरचा दगड अजून आहे.